सनद आणि वहिवाट

युरोपातील एखाद्या ग्रंथालयाच्या पेटीतून बाखची अज्ञात रचना निघाली, म्हणजे तिची वार्ता आपल्याही वर्तमानपत्रांत झळकते. परंतु तंजावरच्या सरस्वती महालात मराठी भाषेत रचलेले, गाऊन नाचावयाचे सबंध प्रबंध दीर्घकाळ दप्तरात पडून होते आणि मुंबईच्या एका नृत्यगुरूने ते पुन्हा रंगमंचावर आणले, ही हकीकत महाराष्ट्रात नृत्याच्या अभ्यासकांपलीकडे फार थोड्यांस ठाऊक असते. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या नावावर असलेल्या या रचनांना ‘निरूपण’ म्हणतात, आणि त्या ज्या बाडात संग्रहित आहेत त्याचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ असे आहे. एका निरूपणाला कथाविषय एक, राग एक, ताल एक. आणि त्या एका सूत्रात जयजय, शरणू, अलारू, शोल्ल, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट येथपासून अखेरच्या मंगलापर्यंत अठरा अंगे क्रमाने येतात. एकाच विषयाभोवती वेगवेगळ्या घाटाची गीते गुंफण्याची जी रीत बरोक काळातील युरोपात ‘कँटाटा’ या नावाने रूढ होती, तिच्या फार जवळ जाणारी ही रचना आहे. मात्र येथे गळ्याबरोबर पायांनाही तितकेच काम असते.

अशा रचनेला नव्याने उभे करणे हे पूर्वजांचे ऋण फेडणे आहे, की त्यांच्या नावावर आपली भर खपविणे आहे, असा वाद मारुंजीस एका घरी माझ्यासमक्ष झाला. वादी म्हणजे मामा; त्यांचा जन्म दप्तरखान्यात मोडी कागद वाचण्यात गेला, आणि सेवानिवृत्तीनंतर ते मुलाकडे, हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या या गावी राहावयास आले. प्रतिवादी त्यांची भाची. ती तेथल्याच एका गृहसंकुलाच्या सभागृहात भरतनाट्यमचा वर्ग चालविते, आणि तिच्या विद्यार्थिनींत मराठी मुलींच्या बरोबरीने तमिळ आणि तेलुगू घरांतल्या मुली आहेत. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात सरफोजी राजांचे एक निरूपण बसवावे असे तिने ठरविले आणि पाठ समजावून देण्याची विनंती मामांना केली. तेथून पुढचा संवाद असा.

मामा : पाठ मी वाचून देईन, पण वाचून झाल्यावर तू त्याचे जे करणार आहेस त्याला माझी हरकत आहे, ती आधी नोंदवून घे. कागदावर साहित्य आहे, रागाचे नाव आहे, तालाचे नाव आहे. आता तो राग त्या दरबारात कोणत्या स्वरावर किती आंदोलत होता, कोणत्या अक्षरावर लय रेंगाळत होती, नाचणारी कोठे थांबत होती, हे कोणत्या ओळीत लिहिले आहे ते मला दाखव. जे लिहिलेले नाही ते तू आपल्या पदरचे घालशील. त्यात गैर नाही. परंतु श्रोता घरी जाईल तो ‘आज सरफोजी राजांची रचना पाहिली’ असे म्हणत जाईल, आणि दहा वर्षांनी तुझी भर हीच राजांची म्हणून पुढच्या वर्गात शिकविली जाईल. अस्सल आणि नक्कल यांत भेद न ठेवणे हा आमच्या दप्तरात सर्वांत मोठा गुन्हा असे.

भाची : मामा, तुमच्या या न्यायाने जगातले कोणतेच जुने संगीत ऐकता येणार नाही. बाखच्या कागदावर तरी सर्व कोठे लिहिलेले असते? साथीच्या वाद्यासाठी खालच्या स्वरांची ओळ आणि तिच्यावर काही आकडे एवढेच असते; त्या आकड्यांवरून सुरांचा भराव वाजविणाऱ्याने जागच्या जागी करावयाचा, आणि काही अलंकारही त्याने आपल्या शिकवणीप्रमाणे घालावयाचे. त्या लोकांनी कागदाला पूर्ण मानलेच नव्हते. वाजविणारा समोर आहे, गाणारा घरचा आहे, त्याला सर्व ठाऊकच आहे, असे समजून ते लिहीत. सरफोजी राजांचा लेखकही तसेच समजून लिहीत होता.

मामा : तो घरचा गाणारा गेला, हाच तर माझा मुद्दा आहे. आणि बाखचे म्हणशील, तर त्याच्या मुलाने 1753 साली वादनाच्या खऱ्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्याच्या एक वर्ष आधी क्वान्ट्झने बासरीवर लिहिला. आकड्यांचा भराव कसा करावा हे तिकडे त्या काळच्या माणसांनीच नोंदवून ठेवले आहे. तुझ्या निरूपणाला असा साक्षीदार कोण?

भाची : साक्षीदार आहे आणि तो भोसल्यांच्याच घरातला आहे. तुळजा राजे 1728 ते 1736 या काळात तंजावरच्या गादीवर होते; त्यांच्या ‘संगीतसारामृत’ ग्रंथात नृत्ताचे प्रकरण आहे आणि त्यात श्रमविधी म्हणून पायांचा सराव सांगितला आहे, त्या त्या पदन्यासाची नावे आणि त्यांचे बोल यांसह. आज मी पाच वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी जे अडवू शिकविते, त्यांतले काही त्या वर्णनावरून ओळखता येतात. तुळजा राजे सरफोजींच्या आधीचे खरे. परंतु सरफोजींच्या आधी जे होते आणि माझ्या वर्गात आज जे आहे, ते मधल्या काळात लुप्त झाले होते असे म्हणावयाचे तर त्याचा पुरावा तुम्ही आणला पाहिजे.

मामा : हे तू वकिलासारखे बोललीस, तर मीही दप्तरदारासारखे बोलतो. या गावात जमिनीला भाव आल्यापासून माझ्याकडे लोक जुने कागद घेऊन येतात. कोणाकडे आजोबांच्या नावाची सनद असते, पण शेत तीन पिढ्या दुसराच कसतो. कोणाकडे वहिवाट असते, पण कागद नसतो. तुझ्या निरूपणाची स्थिती पहिल्या माणसासारखी आहे. सनद स्वच्छ आहे, वहिवाट तुटलेली आहे. 1855 साली तंजावरचे राज्य खालसा झाले, दरबार मोडला, मराठी जाणणारा श्रोता आटला. एवढ्या खंडानंतर बांधावर जाऊन उभे राहिल्याने वहिवाट चालू झाली असे कोणताही मामलेदार म्हणणार नाही.

भाची : वहिवाट तुटली नाही, मामा, ती दुसऱ्या नावाने चालली. सरफोजी राजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु असे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा जो क्रम आम्ही शिकतो, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, त्याची घडी बसविण्याचे श्रेय या चौघांना देतात. आता तुमच्या बाडातल्या अठरा अंगांकडे पाहा : अलारू आहे, शब्द आहे, वर्ण आहे, पद आहे, स्वरजती आहे, तिल्लाणा आहे. एकाच राजवाड्यात, एकाच काळात, त्याच नाचणाऱ्या स्त्रियांच्या पायांवर दोन्ही वाढले. वडिवेलु पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांच्या दरबारी गेले. आणि 1880 साली तंजावरच्या राजकन्या चिमणाबाई सयाजीराव गायकवाडांना दिल्या, तेव्हा गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या नट्टुवनारांसह, म्हणजे नृत्यगुरूंसह, बडोद्यास आल्या आणि तेथल्या कलावंत कारखान्यात नोकरीस राहिल्या. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्य शिकवीत होते. तमिळ आणि तेलुगू साहित्याच्या अंगाने ही वहिवाट अखंड आहे. गळाले ते मराठी साहित्य. आणि ते कागदावर शाबूत आहे. कागदाला पाय जोडावयाचे आहेत, एवढेच काम उरले आहे.

येथे मामांनी काही उत्तर दिले नाही. ते तालाकडे वळले. शोल्लात बोलांची जी मालिका येते ती कागदावर सरळ, एकमेकांस खेटून लिहिलेली असते, तेव्हा तिच्यावरून पाऊल कोठे पडते हे कसे कळावे, असे त्यांनी विचारले. भाचीने उठून पदर खोचला, गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धबैठक घेतली आणि ‘तदिंगिणतोम’ हा नर्तकांच्या नित्य व्यवहारातला पाच अक्षरांचा बोल हातावर टाळी देत म्हणून दाखविला. पहिल्या खेपेस पाचही अक्षरे सारख्या अंतराने आली आणि तिचे पाऊल फरशीवर सपाट वाजत राहिले. दुसऱ्या खेपेस तिने दुसऱ्या अक्षराला किंचित ताणले, तोच टाच आणि चवडा यांचा आवाज निरनिराळा झाला. आणि तिसऱ्या खेपेस तिने तोच बोल ओळीने तीनदा असा घेतला की शेवटचा ‘तोम’ बरोबर समेवर पडला. मामा बोटांनी मात्रा मोजीत होते. सम आली तेव्हा त्यांची मान आपसूक हलली. पण लगेच सावरून त्यांनी विचारले की या तीन रीतींपैकी कागदाची कोणती?

भाची : कागदाची कोणतीही नाही आणि तिन्ही आहेत. गुरूने मला तिसरी दिली. त्यांना ती त्यांच्या गुरूंनी दिली. तुम्ही ज्याला गाळलेली जागा म्हणता तेथे आमच्याकडे गुरुमुख असते.

मामा : गुरुमुखाला मी कमी लेखीत नाही. पण ते गुरुमुख त्या निरूपणाचे नव्हे, त्याच्या आप्तांचे आहे. वर्तमान मार्गमात, म्हणजे तू सांगितलेल्या क्रमात, प्रत्येक अंग बहुधा निराळ्या रागात असते. श्रोत्याचा कान ताजा राहावा अशी ती योजना. निरूपणात एकच राग आरंभापासून मंगलापर्यंत. अठरा अंगे एका रागात सहन करणारा, किंबहुना त्यातच गोडी मानणारा, तो श्रोता कोण होता? त्याची बैठक किती वेळ चाले? हे एका रात्रीत होत असे, की प्रसंगाप्रमाणे निवडून? चार भावांचा क्रम घेऊन तू याचे अनुमान करशील, तर मुलावरून बापाचा चेहरा काढल्यासारखे होईल. आणि आणखी एक सांगतो. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या परिश्रमाने तंजावरची मराठी नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आली. तंजावरचे शहाजी राजे 1684 ते 1712 या काळात राज्य करीत होते, म्हणजे बाख आणि हेंडेल हे 1685 साली जन्मलेले दोघे अजून शिकत होते किंवा नुकते हाताशी आले होते, तेव्हा तंजावरात ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ मराठीत लिहिले जात होते आणि ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एका मंचावर बोलत होत्या. ही गोष्ट आपल्याला कळली ती कागद नीट छापले गेले म्हणून; कोणी घाईने प्रयोग केला म्हणून नव्हे.

भाची : कळली खरी, परंतु तिचे पुढे काय झाले? ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’हून सुमारे दीडशे वर्षांनी जुने आहे, तरीही मराठी रंगभूमीचा दिवस आपण 5 नोव्हेंबरला, भाव्यांच्या 1843 सालच्या सांगलीतील प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळतो. त्यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. भाव्यांच्या नाटकामागून दुसरे नाटक आले, दुसऱ्यामागून तिसरे. शहाजी राजांचे नाटक छापून झाल्यावर कपाटात गेले. तुमची सनद कितीही जुनी असली, तरी ती दाखवून कोणाची रंगभूमी जुनी ठरत नाही. ती पुस्तकातली एक तळटीप ठरते. आचार्य पार्वतीकुमारांनी हे ओळखले. त्यांनी सरफोजी राजांची निरूपणे अभ्यासली, मुंबईत तंजावर नृत्यशाळा काढली, शिष्यांकडून ती बसवून घेतली, आणि शिवाय ‘तंजावर नृत्य प्रबंध’ हा ग्रंथ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाकडून प्रसिद्ध झाला. पाठही दिला आणि प्रयोगही दिला. एकासाठी दुसऱ्याला थांबवून ठेवले नाही.

मामा : पार्वतीकुमारांविषयी मला आदरच आहे, आणि तो त्या ग्रंथामुळे आहे. ज्याला शंका येईल त्याला पाठ उघडून पाहता यावा, अशी सोय त्यांनी केली. सुचेता भिडे-चापेकरांचेही मला पटते. त्या पार्वतीकुमारांकडे शिकल्या, चार भावांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळैंकडे शिकल्या, भोसल्यांच्या रचनांचा अभ्यास केला. आणि पुढे हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम बांधावे असे वाटले, तेव्हा त्याला ‘नृत्यगंगा’ असे स्वतंत्र नाव देऊन आपले म्हणून मांडले, तंजावरचे म्हणून नव्हे. ज्याने नवे ते नवे म्हणून दिले त्याच्याशी माझा तंटा नाही. माझा तंटा मधल्या माणसाशी आहे. तो तंजावरचे शब्द घेतो, सोयीची चाल घालतो, जुनी मराठी रूपे खटकली तर आजची करतो, आणि वर ‘सरफोजी राजेकृत’ असा शिक्का मारतो.

भाची : मग मेंडेल्सझोनचे काय कराल? बाखचे ‘मॅथ्यू पॅशन’ 1829 सालच्या मार्चमध्ये त्याने बर्लिनला पुन्हा गाऊन घेतले. तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते आणि आपले सरफोजी राजे अजून हयात होते. त्याने पुष्कळ गीते कापली. बाखच्या काळची जी ओबोच्या जातीची वाद्ये आता मिळत नव्हती तेथे क्लॅरिनेट घातले. तुमच्या दप्तरी भाषेत ही सरळ खाडाखोड झाली. पण ती खाडाखोड झाली नसती, तर बाख हा जुन्या गुरुजींचा गुरुजी म्हणून जाणकारांपुरता राहिला असता. आणि आपल्या काळातले पाहा. 2005 साली वायमारच्या अन्ना अमालिया ग्रंथालयातील वाढदिवसाच्या अभिनंदनपर कागदांच्या एका पेटीत बाखने 1713 साली आपल्या ड्यूकसाठी रचलेले गीत मिखाएल माऊल या संशोधकाला सापडले. त्याच्या आदल्या वर्षी त्या ग्रंथालयाला आग लागून हजारो ग्रंथ भस्म झाले होते. ही पेटी आगीपूर्वी अन्यत्र नेलेली होती म्हणून वाचली. सापडल्याच्या त्याच वर्षी जॉन एलियट गार्डिनरने ते ध्वनिमुद्रित केले. बारा कडव्यांचे ते गीत सबंध गायिले तर पाऊण तासाच्या घरात जाते, म्हणून गाणारे बहुधा निवडक कडवीच गातात. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही.

मामा : म्हणत नाही, कारण बाराही कडवी छापील उपलब्ध आहेत आणि कोणती गाळली हे कोणालाही मोजता येते. मेंडेल्सझोनचेही तसेच. त्याची कापाकापी पुढच्यांनी ओळखली, गाळलेली गीते परत आणली, त्या काळची वाद्ये पुन्हा घडवून घेतली. आज त्याच्या मुद्रेचा बाख फारसा कोणी वाजवीत नाही. हे शक्य झाले, कारण मूळ कागद त्याच्या प्रयोगाखाली गाडला गेला नव्हता. प्रयोग हा खालच्या कोर्टाचा निकाल आहे, पोरी. तो द्यावाच लागतो, त्याशिवाय व्यवहार चालत नाही, हे तुझे म्हणणे आता मी मान्य करतो. पण अपील खुले राहिले पाहिजे, आणि अपिलात मिसल सबंध सादर झाली पाहिजे.

भाची : मान्य. मग माझेही एक कलम त्या मिसलीत दाखल करा. बाडावर राजांचे नाव आहे. दरबारात हे ज्या दासी गाऊन नाचत, त्यांच्या पायांचा आणि गळ्याचा त्यात जो वाटा आहे तो तुमच्या कागदाने लिहून ठेवला का? वर्ण राजाने रचला असेल, पण कोणत्या ओळीला किती वेळा, किती अर्थांनी फिरवावे, हे नाचणारीने ठरविले. त्याच स्त्रियांच्या पुढच्या पिढ्यांना विसाव्या शतकात समाजाने आधी निंद्य ठरविले, 1947 साली मद्रास इलाख्यात मुलींना देवाला वाहण्याच्या त्यांच्या रीतीस कायद्याने बंदी झाली, आणि तोपर्यंत त्यांचे नृत्य मात्र कुलीन घरांतल्या मुलींनी उचलले होते. मीही त्याच रांगेतली आहे. तेव्हा वहिवाट कोणाची होती, हा प्रश्न विचारावयाचा असेल तर तो निव्वळ राजांच्या मोर्तबावर मिटणार नाही.

या कलमाला मामांनी तत्काळ होकार दिला. दप्तरात ज्यांची नावे येत नाहीत त्यांच्याच कष्टांवर दप्तर उभे असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार, असे ते म्हणाले.

माझ्या मते वादाचा निर्णय येथेच लागला, जरी दोघांपैकी कोणीही तसे बोलून दाखविले नाही. पुनरुज्जीवित रचना अस्सल आहे की नाही, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. ती पुन्हा तपासता येईल अशा रीतीने मांडली आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. कागद प्रयोगाला थोपवून धरण्यासाठी नसतो. आजचा प्रयोग उद्या दुरुस्त व्हावा यासाठी असतो. आणि प्रयोग कागदाचा वैरी नसतो; तो झाला नाही, तर कागद उघडण्याचे कारणच कोणास उरत नाही. सरस्वती महालात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत आणि 1918 सालापासून तो संग्रह सार्वजनिक झालेला आहे. दारे उघडी असून आत जाणारे थोडे, याचे कारण संशोधकांची वाण एवढेच नसून, आत जे आहे ते बाहेर कोणी ऐकलेले नाही, हेही आहे.

तपशिलाची वाटाघाट मात्र पुढे बराच वेळ चालली. निरूपण सबंध बसविणे लहान मुलींना झेपणारे नाही, तेव्हा निवड करावी लागणार, यावर एकमत झाले. प्रत्येक अंगापूर्वी निवेदकाने पाठ कोठला, चाल कोणाची आणि पदन्यास कोणाचा हे एका वाक्यात सांगावे, ही मामांची अट भाचीने स्वीकारली. साहित्यातील तंजावरी मराठीची रूपे जशीच्या तशी गावीत, हेही ठरले. भाचीने अलारू, शब्द आणि तिल्लाणा सुचविले, कारण त्यांच्या जवळची अंगे मुलींच्या पायांत आधीच आहेत. मामांनी जक्किणी आणि प्रबंध यांचा आग्रह धरला, कारण आजच्या क्रमातून जी अंगे गेली त्यांनाच प्रयोगाची खरी गरज आहे. जे पायांत आहे ते पुन्हा दाखवून मिसलीत नवे काय दाखल होणार? भाचीने हाती सहाच महिने असल्याची अडचण पुढे केली, वार्षिक कार्यक्रमाची तारीख पुढे केली, पालकांच्या अपेक्षा पुढे केल्या. आणि अखेर तिल्लाणा वगळून जक्किणी घ्यावयाचे तिने कबूल केले. तिच्या वर्गातल्या तमिळ आणि तेलुगू घरांतल्या मुलींना मराठी शब्दांचे उच्चार मामा शिकविणार आहेत, आणि त्या बदल्यात तालाच्या मात्रा बोटांवर चुकल्या तर त्या मुलींनी त्यांना सर्वांसमक्ष टोकावयाचे, असा तहनामा झाला आहे.